हेर, हस्तक की खबऱ्या? वर्मोल्डला मराठीत काय म्हणावं

विचारणा : ग्रॅहम ग्रीनच्या १९५८ सालच्या ‘अवर मॅन इन हवाना’ या इंग्रजी कादंबरीवर लिहिते आहे. हवानात व्हॅक्यूम क्लीनर विकणाऱ्या वर्मोल्डला हॉथॉर्न हा ब्रिटिश गुप्तचर खात्याचा माणूस बारच्या स्वच्छतागृहात गाठतो, नळ सोडून बोलतो आणि काम गळ्यात मारतो. लाडक्या मुलीचा खर्च परवडत नाही म्हणून वर्मोल्डही अडून बसत नाही. मग हा गृहस्थ मनानेच माणसं उभी करतो, त्यांचे पगार उचलतो, व्हॅक्यूम क्लीनरच्या भागांची चित्रं डोंगरातली शस्त्रं म्हणून लंडनला धाडतो. पुढे त्याने कल्पनेतून काढलेला वैमानिक राऊल खरोखरच मेल्याची बातमी येते! मी सगळीकडे ‘गुप्तहेर’ लिहिलंय. खटकतंय.

प्रतिसाद : खटकणारच. ‘गुप्तहेर’ म्हटलं की तरबेज, वेषांतर करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘हस्तक’ लिहा. दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं, ही छटा त्यात आपसूक येते. ‘खबऱ्या’ मात्र नको. तो पोलिसांचा, गल्लीतला. शिवाय त्याच्याकडे निदान खरी खबर असते.

प्रतिसाद : ‘जासूद’ कसा वाटतो? पेशवाईतल्या पत्रांत पत्रं पोचवणारी ‘जासूद जोडी’ सारखी भेटते. वर्मोल्डही कागदच पोचवतो.

प्रतिसाद : शब्द गोड आहे, पण वाचक थेट शनिवारवाड्यात जाईल. माझं मत ‘हस्तक’लाच, फक्त राऊलच्या मृत्यूपर्यंत. ‘हेर’ म्हणजे जो हेरतो तो, आणि तोवर वर्मोल्डने काहीच हेरलेलं नाही. सगळं रचलेलं आहे. राऊल गेल्यावर त्याला कळतं की आपल्या थापा कुणीतरी खऱ्या धरून माणसं मारतंय. तिथून तो कान टवकारतो. फोनवर ध्वनिमुद्रित झालेला अडखळता आवाज त्याच्या लक्षात राहतो आणि व्यापाऱ्यांच्या मेजवानीत कार्टर नावाचा पाहुणा तसाच अडखळतो. त्याने देऊ केलेली व्हिस्की वर्मोल्ड पीत नाही, सांडतो. ती चाटून कुत्रा मरतो. तिथे बिनधास्त लिहा : ‘वर्मोल्डने त्याला हेरलं.’

विचारणा करणारी : म्हणजे नाम बदलायच्या आधी क्रियापद आणायचं! ‘गुप्तहेर’ सगळीकडून काढते. हॉथॉर्नला तेवढा राहू देते, त्याचा तो पेशाच आहे.