उत्तर: कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये 'बघण्यासारखं' काय?

'तोफा आणि तलवारी सोडल्या तर टाउन हॉल म्युझियममध्ये काय आहे' हे वर कुणीतरी लिहिलंय. शाळेच्या सहलीत मीही तोफेवर बसायला मिळतंय का एवढंच बघितलं होतं, त्यामुळे दोष देत नाही. पण आत कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला काशाचा पोसायडन आहे की! ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरसुद्धा उंच नाही. एक हात वर उचललेला, त्यातला त्रिशूळ मात्र कधीच गेलाय. सातवाहन काळात रोमशी चालणाऱ्या व्यापारातून तो पंचगंगेच्या काठी पोचला असं मानतात. ब्रह्मपुरीचं उत्खनन १९४५-४६ चं, आणि तिथल्याच वस्तूंवर हे संग्रहालय उभं राहिलं. पुढच्या वेळी सीपीआर हॉस्पिटलला कुणाला बघायला गेलात तर समोरच आहे, डोकावून या.