आजीच्या आठवणींचा क्रम कसा लावावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमची आजी ९३ व्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे. परंतु तिला सनावळ्या कधीच आठवत नसत, त्यामुळे क्रम लागत नाही.

उत्तर १: आम्ही आईच्या बाबतीत मोठ्या घटनांचा आधार घेतला. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पाळण्यात होतास,’ असे ती म्हणे. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, म्हणून चाळीतले तिचे पहिले बिऱ्हाड नेमके कधीचे, हे ठरवता आले.

उत्तर २: क्रमापेक्षा तिचे वागणे आधी लिहा. माझी आजी कोपिनेश्वराहून परतताना पदराच्या गाठीत बेलाचे पान आणी आणि पोथीत ठेवी. ती पाने अजून तिथेच आहेत.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आजीची पोथी आत्याकडे आहे, ती उद्याच आणतो.