धोका, दगा आणि तह

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातल्या कमांडर प्रकारासाठी नवख्यांना मराठीत टिपण लिहून देतोय. बहुधा चार भिडू, प्रत्येकाचे १०० पत्ते, सुरुवातीला प्रत्येकी ४० लाइफ (जीवनगुण), एवढं लिहून झालं. 'थ्रेट'ला 'धोका' म्हटलं. पण पुढे 'त्याने गोड बोलून धोका दिला' असंही लिहिलंय. एकच शब्द दोन अर्थांनी वाचून घोळ होतो. आणि भिडू आपसांत करतात त्या 'डील'ला 'युती' चालेल का?

* * *

'धोका देणे' ही हिंदीची छाया. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. मराठीत धोका असतो, संभवतो, आपण तो पत्करतो किंवा ओळखतो. देतात तो दगा.

'थ्रेट'ला मात्र 'धोका' अगदी चपखल आहे, तो बदलू नका. धोका म्हणजे अजून न घडलेलं नुकसान. नवखा खेळाडू पटावर ज्याचे प्राणी (लढणारे पत्ते) जास्त त्यालाच मोठा धोका समजतो. प्रत्यक्षात हातात सात पत्ते राखून, मॅना (पत्ते खेळायला लागणारी शक्ती) मोकळा ठेवून गप्प बसलेला भिडू पुष्कळदा जास्त धोक्याचा असतो.

'युती' नको. युतीतले दोघे एका बाजूचे असतात, इथे शेवटी एकच जिंकतो. वैऱ्यांमध्ये होतो तो तह. त्याला अटी असतात, मुदत असते. त्याची गरजही खेळातूनच येते: समोरच्या तिघांचे मिळून १२० लाइफ, तुमचे ४०. हल्ल्याला पाठवलेल्या प्राण्याचा पत्ता सहसा आडवा फिरवावा लागतो आणि तुमची पुढची पाळी येईपर्यंत तो कुणाला अडवू शकत नाही. एकावर तुटून पडलात की उरलेल्या दोघांना रान मोकळं. म्हणून 'माझी पाळी येईपर्यंत माझ्यावर येऊ नकोस, त्याचा तो मोठा प्राणी मी मारतो' अशी बोलणी होतात. असा शब्द पाळायला नियम कुणालाच भाग पाडत नाहीत. तह मोडला तर दगा. पण मुळात तहच नसताना केलेला हल्ला हा दगा नव्हे, ती साधी चाल.

* * *

आणि मुदत संपल्यावर लगेच केलेला हल्ला?

* * *

तोही दगा नाही. तह 'संपला', 'मोडला' नाही. टिपणात हा फरक जरूर लिहा. पटावरची निम्मी भांडणं मुदत नीट न बोलल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे.

* * *

'फितुरी' कसा वाटतो?

* * *

फितूर व्हायला आधी स्वतःचा पक्ष लागतो. याच खेळाच्या टू-हेडेड जायंट या दुसऱ्या प्रकारात दोघांची जोडी असते, लाइफही सामाईक असतं. तिथे एखाद्या वेळी शोभेल. कमांडरमध्ये नाही.

* * *

आभार. वाक्य आता असं केलंय: 'धोका ओळखून दोघांनी एका फेरीपुरता तह केला. फेरी पुरी व्हायच्या आतच एकाने दगा दिला.'