परदेशातला उसाचा रस आणि बाकीचे रस: कुठे काय प्यायलात?

रानजाई: आज सिग्नलला थांबले होते तर कडेच्या रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजले आणि एकदम कैरो आठवलं. हो, कैरोच. २०१७ ला नवऱ्याच्या कामामुळे तीन महिने तिकडे होतो. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावर एक दुकान दिसलं, दाराशी उसाच्या मोळ्या, आत चरक. मला रडूच यायचं बाकी होतं! तिकडे त्याला असब म्हणतात. कानवाल्या जाड काचेच्या मगात वर फेस येईपर्यंत भरून देतात, उभ्याउभ्या प्यायचा आणि मग परत करायचा. पण आलं नाही लिंबू नाही मीठ नाही, नुसता गोडमिट्ट. तिसऱ्या दिवशी मी पर्समध्ये अर्धं लिंबू घेऊन गेले. दुकानदाराने टक लावून बघितलं म्हणून त्यालाही चाखवलं. दोन घोट घेतले, मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला परत नुसताच दिला 😄 तुम्ही पण लिहा, फळं भाज्या काहीही चालेल.

सासवडचा_बाळू: आजोबा सांगायचे चरक लाकडी होता बैल फिरायचा तेव्हापासूनचे घुंगरू आहेत. आमच्या पुरंदरातली किती माणसं या धंद्यात, म्हणून जिथे जाल तिथे रसवंतीचं नाव नवनाथ नाहीतर कानिफनाथ. बोपगावचा कानिफनाथांचा डोंगर चढून बघा कधीतरी.

मुक्ता_एस: व्हिएतनाममध्ये उसाबरोबरच छोटी हिरवी आंबट फळं चरकात घालतात, छोट्या संत्र्यासारखी. सालीचा कडसर वास उतरतो. रानजाई तुझं लिंबू तिकडे चाललं असतं बघ.

भटका_जोशी: अदाना, तुर्कस्तान. कबाबबरोबर जांभळ्या रंगाचा ग्लास आला, शाल्गम म्हणे. मी जांभळाचं सरबत समजून मोठा घोट घेतला आणि लोणच्याच्या बरणीतलं खारट पाणी प्यायल्यासारखं झालं. जांभळं गाजर आंबवून करतात. वर वेटर विचारतो तिखट हवं होतं का

दिल्लीची_सून: अहो ही तर कांजी! आमच्या सासूबाई काळी गाजरं, मोहरीची पूड, मीठ घालून बरणी गच्चीत उन्हात ठेवतात चार पाच दिवस. पहिल्या वर्षी मी गुपचूप बेसिनमध्ये ओतली होती, आता मीच करते. कुकर झाला, येते.

पिंट्या_नाशिककर: जकार्तात ज्यूसच्या यादीत अ‍ॅव्होकॅडो. ग्लासाला आतून चॉकलेटची धार सोडलेली आणि खायला चमचा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे अरे हे शिकरण आहे

रानजाई: @पिंट्या 😂😂 काकूंना नमस्कार सांग

श्रीधर_काका: रस बिनबर्फाचाच प्यावा. ८९ साली एका गाडीवर प्यालो, कावीळ झाली, दीड महिना अंथरुणात. आणि गंमत म्हणजे बरं व्हायला आईने पुन्हा उसाचाच रस पाजला.

मुक्ता_एस: काका बापरे! पण बिनबर्फाचा म्हटलं की इथे दहा रुपये जास्त घेतात हो

सत्तरीकार: तुम्ही परदेश सांगा, मी आमचा गोव्याचा नीरो सांगतो. एप्रिलमध्ये काजूची बोंडं पायाने तुडवतात, मग राहिलेल्या चोथ्याचा ढीग करून वर दगडाचं वजन. त्यातून जो थेंबथेंब गळतो तो नीरो. थंड करून, मीठ आणि लिंबू. सकाळचा सकाळीच प्यायचा, संध्याकाळपर्यंत आंबायला लागतो आणि मग वेगळ्या वाटेला जातो 😉 शर्टावर सांडू नका, बोंडाचा डाग जन्मात निघत नाही.

हान्स_नव्हे_हणमंत: म्युनिक. इथे सुपरमार्केटात आंबवलेल्या कोबीचा रस बाटलीत मिळतो. घेतला. एकदाच. त्यापेक्षा सफरचंदाच्या रसात सोडा घालून शोर्ले म्हणून देतात ते बरं. कोणी जूनमध्ये येतंय का पुण्याहून? कोकम आगळ हवंय

दिल्लीची_सून: आले परत. माझा भाऊ येतोय जूनच्या पहिल्या आठवड्यात, पण स्टुटगार्टला. चालेल?

हान्स_नव्हे_हणमंत: पळत येतो! फक्त झाकणाला सेलोटेप लावायला सांगा, मागच्या वेळी मित्राच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांचं आगळ झालं होतं