जुन्या .२७० रायफलीची नळी कोरून मोठ्या कॅलिबरची करावी का?

प्रश्न
माझ्याकडे वडिलांकडून आलेली .२७० विंचेस्टर कॅलिबरची बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल आहे. नळीत चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढे गंजाचे खड्डे दिसतात आणि शंभर मीटरवर गोळ्या पूर्वीपेक्षा बऱ्याच विखुरतात. दस्ता, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) आणि नळीवरची मूळ अक्षरे मात्र उत्तम स्थितीत आहेत. नवी नळी बसवली तर रायफलीचे रूप बदलेल, म्हणून हीच नळी आतून कोरून .३०-०६ किंवा .३५ व्हेलेन करून घ्यावी असे मनात आहे. हा खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि दोहोंपैकी कोणते कॅलिबर निवडावे?

पहिला प्रतिसाद
आधी नळी खरोखर संपली आहे का, याची खात्री करून घ्या. जुन्या नळीत गोळ्यांच्या तांब्याचे थर साचतात आणि तेवढ्यानेही नेम बिघडतो. तांबे विरघळवणारे द्रावण लावून फिरवलेली चिंधी जोवर निळसर निघते, तोवर सफाई पूर्ण झालेली नसते. त्यानंतर नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहा, कारण सफाईची सळई वर्षानुवर्षे तोंडाकडून घातली असेल तर ही कड एका अंगाने झिजते, आणि तोंड नव्याने कापून घेणे हे कोरण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. चेंबरच्या लगेच पुढचा भाग जर सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा भेगाळलेला दिसला, तर मात्र सफाईने काही साधणार नाही.

दुसरा प्रतिसाद
नळी संपलीच असेल, तर कॅलिबरची निवड आवडीने न करता मापाने करावी. नव्या बोअरचा (नळीच्या आतल्या पोकळीचा) व्यास जुन्या खाचांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार चऱ्यांच्या) तळाच्या व्यासापेक्षा पुरेसा मोठा असला पाहिजे. तसे नसेल तर जुन्या खाचांचे व्रण तसेच राहतात. .२७० च्या खाचांचा व्यास ०.२७७ इंच असतो, तर .३०-०६ चा बोअर ०.३०० इंचाचा, म्हणजे प्रत्येक बाजूने जेमतेम ०.०११ इंच पोलाद निघते. खड्डे त्याहून खोल असतील तर पैसे खर्चूनही ते नव्या नळीत कायम राहतील. .३५ व्हेलेनचा बोअर ०.३५० इंचाचा असल्याने बाजूला ०.०३६ इंच कोरले जाते आणि सहसा सगळे स्वच्छ होते.

चेंबरचाही मुद्दा आहे. .२७० चे काडतूस २.५४० इंच लांब असते आणि .३०-०६ चे २.४९४ इंच, त्यामुळे जुन्या चेंबरच्या मानेचा (काडतुसाचे अरुंद टोक बसते त्या जागेचा) थोडासा भाग नव्या काडतुसाच्या पुढे मोकळा उरतो. व्हेलेनच्या बाबतीत तो भाग कोरण्यातच नाहीसा होतो. तिन्ही काडतुसांचे बूड एकाच मापाचे असल्यामुळे बोल्ट आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारी आकडी) बदलावे लागत नाहीत. दाबाचीही चिंता नको: अमेरिकन मानकानुसार .२७० ची कमाल मर्यादा ६५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तर व्हेलेनची ६२,०००.

पोलाद मात्र कमी होणार, हे लक्षात घ्या. तोंडाशी नळीचा बाहेरचा व्यास ०.५६० इंच असेल, तर भिंत ०.१४ वरून ०.१० इंचावर येते आणि रायफल सुमारे शंभर ग्रॅमने हलकी होते. त्यातच गोळी जड, म्हणजे खांद्याला धक्का चांगलाच जाणवेल. खाचा पाडण्याचे काम एकेक खाच पात्याने कापणाऱ्याकडूनच करून घ्या. नळी बाहेरून निमुळती असते, त्यामुळे बटण (कठीण धातूचा ठोकळा) ओढून पाडलेल्या खाचांचे माप जाड आणि पातळ भागांत सारखे येत नाही. पिळाबद्दलही आधीच बोलून घ्या: बारा किंवा चौदा इंचांत एक फेरा असा पीळ २५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीला मानवतो.

तिसरा प्रतिसाद
मापे पटली, पण निष्कर्ष सरसकट मान्य करता येत नाही. .२७० ची १३० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३,०६० फूट वेगाने निघते, तर व्हेलेनची २५० ग्रेनची गोळी सुमारे २,४०० फुटांनी. तुम्ही उघड्या माळावर लांबचे नेम धरत असाल, तर या बदलाने रायफलीचे मूळ कामच जाईल, आणि मग त्याच कॅलिबरची, त्याच आकाराची नवी नळी घेणे अधिक शहाणपणाचे. नळी हॅमर-फोर्ज पद्धतीची (हातोड्यांनी ठोकून घडवलेली) असेल तर हे काम करणाऱ्याला आधीच सांगा. पोलादात दबून राहिलेला ताण कोरताना मोकळा होतो, आणि म्हणून काही कारागीर अशा नळ्या हाती घेत नाहीत. बोल्टच्या लग्सच्या (बोल्ट जागी अडकवून ठेवणाऱ्या उंचवट्यांच्या) बैठकीही तपासून घ्या. तिथे खळगा पडलेला असेल तर नळीवर एक पैसाही खर्च करू नये. परवान्यावर कॅलिबर नोंदलेले असते, तेव्हा परवानगी कामाआधीच मिळवावी लागते, आणि जिथे प्रूफचा (जादा दाबाने नळीची चाचणी घेण्याचा) कायदा आहे तिथे बदललेली नळी पुन्हा प्रूफ करून घेणे बंधनकारक असते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. माझी शिकार दाट रानातली, दीडशे मीटरच्या आतली आहे, त्यामुळे व्हेलेनकडे कल झुकतो आहे. एक शंका राहिली: मागची साइट (नेम धरण्याची खूण) नळीत आडवी खाच पाडून बसवलेली आहे. त्याने काही अडेल का?

दुसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर
अडू शकते. साइट काढून त्या खाचेची खोली मोजा, तिथला नळीचा बाहेरचा व्यास मोजा आणि दोन्ही आकडे कारागिराला कळवा. सर्वांत पातळ पोलाद बहुधा तिथेच उरते, तोंडाशी नव्हे. साइटचे स्क्रू नळीत किती खोल जातात तेही त्याच वेळी पाहा. काम झाले की नळीवरचे जुने कॅलिबर खोडून नवे ठळक कोरून घ्या, कारण .२७० चे काडतूस त्या चेंबरमध्ये शिरू शकते आणि पुढे ही रायफल कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही.