मदत हवी आहे: जुन्या गॅसच्या एअर पिस्तुलात गॅस टिकत नाही (नाशिक, तातडीचं)

उंटवाडी_एक्स्प्रेस
नमस्कार मंडळी. काकांचं जुनं गॅसवर चालणारं एअर पिस्तूल आहे. नवीन नळकांडी टाकली की फुस्स करून सगळा गॅस निघून जातो, छर्रा नळीच्या बाहेरही धड येत नाही. काका रविवारी येतायत, तोवर चालू व्हायला हवं. मेन रोडला एका दुकानात दाखवलं, तर हातात न घेताच म्हणाला नवीन घ्या. नाशिकमध्ये हे काम कोण करतं? फक्त ठिकाण सांगा, लेक्चर नको.

नेमबाज_नाशिकरोड
कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, बोअर (नळीचं आतलं माप) किती? गॅस नळीच्या तोंडातून जातो की मुठीच्या बुडातून?

उंटवाडी_एक्स्प्रेस
काळं आहे. अमेरिकन आहे. गॅस सगळीकडूनच जातो. दुकान सांगा ना भाऊ.

पंचवटीचे_तात्या
स्प्रिंग बसली असणार. माझ्या एअर गनचं असंच झालं होतं. स्प्रिंग बदलली, चामड्याचा वॉशर तेलात मुरवला, आजही ठणठणीत आहे. उगाच मॉडेल-बिडेल विचारत बसू नका.

नेमबाज_नाशिकरोड
तात्या, तुमची नळी मोडून भरायची बंदूक. तिच्यात स्प्रिंग पिस्टनला ढकलते आणि हवा दाबली जाते. यात पिस्टनच नाही. १२ ग्रॅमची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) नळकांडी फुटते, गॅस व्हॉल्व्हमागे साठतो, घोडा ओढला की हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो आणि तेवढ्यापुरता गॅस सुटतो.

पंचवटीचे_तात्या
तत्त्व एकच. हवा ती हवा.

सातपूरचा_लेथवाला
कसलं एकच? २१ अंशाला नळकांडीत ५८ बारच्या आसपास दाब असतो. मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार. चामड्याचा वॉशर तिथे काय करणार? आणि धागाकर्ते, पिस्तुलावर काही कोरलेलं असेल ते आधी वाचा.

उंटवाडी_एक्स्प्रेस
'क्रॉसमन मार्क' एवढंच वाचता येतं, पुढचं घासलं गेलंय. झालं समाधान?

नेमबाज_नाशिकरोड
अर्धं. १९६६ साली मार्क वन आणि मार्क टू अशी जोडी आली. दिसायला जुळी. वन .२२ ची, टू .१७७ ची, म्हणजे ४.५ मिमी. नळकांडी काढून टाका आणि ४.५ चा छर्रा बसवून बघा. घट्ट बसतो की सैल पडतो?

कायद्याचं_बोला
हे महत्त्वाचं आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त किंवा ताकद २० जूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. मार्क वन निघालं तर दुरुस्तीआधी कागद बघा.

उंटवाडी_एक्स्प्रेस
घट्ट बसतो. म्हणजे टू. कायदा कोणी विचारला नव्हता, तरी आभार. आता दुकान?

कॉलेजरोड_३रा_मजला
मध्येच विचारतो, हे कबुतरांना हाकलायला चालेल का? गॅलरीची वाट लावलीय.

कायद्याचं_बोला
नाही. जाळी लावा.

सातपूरचा_लेथवाला
दुकान नकोच. साबणाचं पाणी करा, दाट. पिस्तूल रिकामं, छर्रा नाही, डोळ्यांवर चष्मा. गॅस भरून मुठीच्या बुडाच्या टोपीला फेस लावा आणि नळीच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरा. टोपीपाशी फेस उकळला तर टोपीची ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी गोल रबरी रिंग, गेली. तोंडावरचा पापुद्रा फुगला तर व्हॉल्व्हचं सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकून बंद होतो ती जागा, गेलं. टोपी उघडताना गॅस सावकाश सोडा, तोंड आणि बोटं बाजूला. बाहेर येणारा गॅस इतका गार असतो की कातडी पोळते.

उंटवाडी_एक्स्प्रेस
केलं. टोपीपाशी जोरात उकळतंय. तोंडावर पापुद्रा अगदी हळू फुगतो. टोपीची रिंग खिळ्याने काढली तर दोन तुकडे होऊन आली, दगडासारखी कडक.

नेमबाज_नाशिकरोड
पुढच्या वेळी खिळा नको, लाकडी टूथपिक. खाचेत ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. तुटक्या रिंगवरून माप घेऊ नका, खाच मोजा.

उंटवाडी_एक्स्प्रेस
आज अंबडच्या एका ऑइल सीलवाल्याकडून रिंग आणली. बसवली, गॅस टिकला, भिंतीवरचा पुठ्ठा फुटला! नळकांडी संपल्यावर टोपी उघडली, तर रिंग फुगून मोठी झालेली, परत खाचेत बसेना. दुकानदाराने चुकीचं माप दिलं ना?

सातपूरचा_लेथवाला
माप बरोबर आहे, माल साधा आहे. काळी नायट्राइल ७० (साधं रबर, ७० हार्डनेसचं) दिली असणार. सीओटू त्या रबरात मुरतो आणि दाब गेला की रिंग फुगते. फेकू नका, रात्रभर उघड्यावर ठेवा, मूळ मापावर येते. कायमचा इलाज म्हणजे पीयूची (पॉलियुरेथेनची), ९० हार्डनेसची रिंग. हायड्रॉलिक सीलवाल्याकडे 'पीयू नव्वद' म्हणा, लगेच कळेल.

पंचवटीचे_तात्या
एवढं करण्यापेक्षा टोपीच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि खोबरेल लावा.

नेमबाज_नाशिकरोड
टेपचे धागे व्हॉल्व्हमध्ये गेले की तोंडातली गळती वाढेल. आणि खोबरेल? डिसेंबरात नाशिकला बाटलीतही गोठतं, तात्या. नळकांडीच्या टोकावर बिनडिटर्जंटच्या ३० ग्रेड तेलाचा एकच थेंब टाका. गॅसबरोबर ते आतल्या सीलपर्यंत पोचतं.

सातपूरचा_लेथवाला
तेलापेक्षा एटीएफ. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं. वाळलेली जुनी सीलं त्याने मऊ पडतात.

नेमबाज_नाशिकरोड
मऊ पडतात आणि काही महिन्यांनी लोणी होतात. रविवार निभावेल, पण शेवटी व्हॉल्व्ह उघडून सीट बदलावंच लागेल.

सातपूरचा_लेथवाला
माझ्याकडचं एक त्यावरच चालतंय. लोणी-बिणी काही नाही.

उंटवाडी_एक्स्प्रेस
तुमचं तुम्ही ठरवा. पीयू रिंग मिळाली. टोपी आता फेसात बुडवली तरी शांत. तोंडातून अजून थोडा गॅस जातो, रात्री भरला तर सकाळी रिकामं. एटीएफचे दोन थेंब टाकलेत. काकांसमोरच भरीन, म्हणजे प्रश्न नाही. अजून एक: वरचा काळा रंग उडालाय, बफ मारून चकचकीत करू का?

नेमबाज_नाशिकरोड
अजिबात नको! सांगाडा ओतीव धातूचा आहे. बफने अक्षरं, कडा, सगळं जाईल. 'मार्क' शब्द उरलाय तोही जाईल. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस्स. आणि रविवारी गच्चीवर उन्हात ठेवून गप्पा मारत बसू नका. ३१ अंशांच्या वर नळकांडीत द्रव उरतच नाही, दाब भराभर चढतो, मग हॅमरने व्हॉल्व्ह उघडत नाही आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

कॉलेजरोड_३रा_मजला
सोडा मशीनच्या छोट्या नळकांड्या चालतील का यात? घरी डबाभर पडल्यात.

सातपूरचा_लेथवाला
त्या ८ ग्रॅमच्या, आखूड. टोपी घट्ट केली तरी नळकांडी फोडणाऱ्या सुईपर्यंत पोचणार नाहीत. सायकलच्या टायरमध्ये हवा भरायच्या १६ ग्रॅमच्या लांब, त्याही नाहीत. आणि तुमच्याकडे पिस्तूल कुठे आहे?

कॉलेजरोड_३रा_मजला
नाही, असंच विचारलं. जाळी लावणाऱ्याचा नंबर आहे का कुणाकडे?