३ + २क्ष चं ५क्ष का होतं?

प्रश्न (कोल्हापूर, मराठी माध्यम): सहावीची पोरं ३ + २क्ष चं उत्तर सरळ ५क्ष लिहितात. सजातीय पदांचा नियम (अक्षर सारखं असलेलीच पदं एकत्र मिळवायची) तोंडपाठ आहे, तरीही. काय करावं?

उत्तर १: नियम बाजूला ठेवा, किंमत घालायला लावा. क्ष = ४ घेतलं तर ३ + २क्ष म्हणजे ११, ५क्ष म्हणजे २०. क्ष = १ मात्र घेऊ नका; दोन्हीकडे ५ येतात आणि चूक पक्की होते. २क्ष मध्ये ४ घालून २४ लिहिणारेही निघतील, त्यांच्याकडून आधी २ × क्ष लिहून घ्या.

उत्तर २: मूळ दुखणं म्हणजे अक्षराला वस्तू समजणं. 'म म्हणजे मिसळ' असं फळ्यावर कधीच लिहू नका. मिसळ ८० रुपये प्लेट, जादा पाव ५ रुपयांना एक, तर बिल ८०म + ५प. इथं म म्हणजे प्लेटांची संख्या. नाहीतर ८०म म्हणजे ऐंशी मिसळी असंच वाचतात. सुरुवातीला आद्याक्षरं टाळलेलीच बरी.

उत्तर ३: मुलांना बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' वाटतं, म्हणून ३ + २क्ष अर्धवट दिसतं. ८ + ४ = □ + ५ देऊन बघा. चौकटीत ७ ऐवजी १२ आले, तर आधी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ पक्का करा.